बीजांडकोशातील गाठ : भीती नको, दुर्लक्षही नको

पाळीच्या वेळी पोट दुखायचेच, असे म्हणत अनेक स्त्रिया वर्षानुवर्षे वेदना सोसतात. काही वेळा या वेदनेमागे एंडोमेट्रिऑसिस हा विकार असतो. त्यात गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, बऱ्याचदा बीजांडकोशावर वाढतात. तेथे साचलेले जुने, तपकिरी रक्त गाठीचे रूप घेते. तिला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. ही गाठ स्वतः कर्करोग नव्हे.

मात्र मोजक्या स्त्रियांमध्ये या पेशींत बदल होऊन कर्करोग उद्भवू शकतो. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२५मध्ये या संबंधाकडे लक्ष वेधले. अशा कर्करोगांतील एक प्रमुख प्रकार म्हणजे एंडोमेट्रिऑइड कर्करोग. त्याच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरासारख्या दिसतात, म्हणून हे नाव. बीजांडकोशाच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे १० टक्के आहे.

धोका किती, हे नीट समजून घ्यायला हवे. पाश्चात्त्य देशांतील आकडेवारीनुसार बीजांडकोशाचा कर्करोग आयुष्यात शंभरांपैकी साधारण १.३ स्त्रियांना होतो. एंडोमेट्रिऑसिस असल्यास हे प्रमाण दोनपेक्षा किंचित कमी असते. म्हणजेच बहुसंख्य रुग्णांना तो कधीच होत नाही.

पोट सतत फुगलेले वाटणे, थोडे खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे ही लक्षणे काही आठवडे टिकली, तर तपासणी करावी. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव कधीही 'पाळी परत आली' म्हणून सोडून देऊ नये. या प्रकारच्या सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही त्याच वेळी आढळतो. म्हणून दोन्ही अवयव तपासणे आवश्यक ठरते.

सोनोग्राफीत गाठीच्या आत घट्ट भाग आणि त्यात रक्तप्रवाह दिसल्यास संशय वाढतो. 'सीए-१२५' ही रक्तचाचणी एंडोमेट्रिऑसिसमध्येही वाढलेली दिसते. केवळ तिच्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. अंतिम निदान काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीतूनच होते.

शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार असून, रोगाच्या टप्प्यानुसार केमोथेरपी दिली जाते. हा प्रकार बऱ्याचदा प्राथमिक अवस्थेतच सापडतो आणि तेव्हा उपचारांचे यश चांगले असते. आजार एकाच बीजांडकोशापुरता मर्यादित असेल, तर निवडक तरुण रुग्णांत मातृत्वाची शक्यता राखणारी शस्त्रक्रियाही करता येते. कुटुंबात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग कमी वयात झाला असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. 'लिंच सिंड्रोम' या आनुवंशिक दोषात या कर्करोगाचाही धोका वाढतो.

चॉकलेट सिस्टचे निदान झालेल्या स्त्रियांनी घाबरून जाऊ नये. परंतु डॉक्टरांनी सांगितलेली फेरतपासणी टाळू नये. गाठ वाढली किंवा वेदनेचे स्वरूप बदलले, तर पुढील तारखेची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे.