हिप हिप... हुर्रे म्हणण्याआधी!

बाबांचा खुबा बदलायचा ठरलं की घरात पहिला प्रश्न खर्चाचा, दुसरा मेडिक्लेमचा. 'कुठला सांधा बसवणार?' हे मात्र कुणीच विचारत नाही. मोबाइल घेताना मॉडेलपासून बॅटरीपर्यंत सगळं तपासणारे आपण, इथेच गप्प का?

म्हणूनच 'एएसआर'ची गोष्ट माहीत हवी. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा हा खुबा. त्यात धातूचा गोळा धातूच्याच वाटीत फिरायचा. चालता-चालता दोन्ही घासायचे, आणि कोबाल्ट-क्रोमियमचे कण आजूबाजूच्या मांसात, रक्तात उतरायचे. ब्रिटनमधल्या सांधेबदलाच्या नोंदींतून कळलं, की ५ वर्षांत १२-१३ टक्के पेशंटना पुन्हा ऑपरेशन करावं लागतंय. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून माल परत मागवला. पण तोवर सुमारे ९३ हजार जणांना तो बसवून झाला होता. त्यात भारतातलेही हजारो होते. आपल्याकडे भरपाईचं सूत्र ठरायला २०१८ उजाडलं आणि तेव्हाही अनेक पेशंटचा पत्ताच लागेना!

घाबरायचं कारण नाही. बहुतेक खुबे १५-२० वर्षं छान साथ देतात. फक्त एवढं कराच:

● ऑपरेशनआधी कंपनी आणि मॉडेल विचारा.
● इम्प्लांटच्या खोक्यातला लॉट नंबरचा स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या, त्याचा फोटोही काढून ठेवा.
● नंतर दुखलं, सूज आली, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. थेट सर्जनला गाठा.