चुन्याची डबी आणि स्वीडनची पाणबुडी

उमरखेडहून एका वाचकाने विचारलं आहे: वीस-बावीस वर्षं बिडी ओढली, आता बंद केली. डॉक्टरांनी निकोटिनचं च्युइंगगम लिहून दिलं, पण ते चघळलं की घशाशी जळजळतं, उचक्या लागतात आणि तलफ काही जात नाही. मग त्यापेक्षा खर्रा काय वाईट? शेवटी निकोटिन ते निकोटिनच!

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जेमतेम ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि धुराविना तंबाखू खाणारे तब्बल २४.४ टक्के. आपल्याकडे बिडी सोडलेल्या माणसाला तंबाखूची दुसरी वाट शोधावी लागत नाही, ती समोरच्या पानठेल्यावरच असते.

त्या ठेल्यावर क्षणभर थांबू. सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना पन्नीत गुंडाळून ठेलेवाला खर्रा घोटतो आहे. चुन्याचं बोट जरा आखडतं घेतलं गेलं, तर पक्कं गिऱ्हाईक पहिल्याच चिमटीला सांगतं, "भाऊ, लागून नाही राह्यला." त्या एका वाक्यात निकोटिनचं सगळं रसायनशास्त्र आहे. निकोटिन अल्कधर्मी असतं. तोंडातल्या लाळेत त्याचे बहुतेक रेणू हायड्रोजनचा एक धन आयन अंगावर घेऊन वावरतात, आणि विद्युतभार असलेल्या रेणूला गालाच्या पेशींची स्निग्ध आवरणं सहजी आत घेत नाहीत. डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन कोणी बाजारच्या अरुंद बोळीत शिरू पाहावं, तशी त्याची गत होते. चुना तो भारा उतरवून घेतो. पीएच ७ असेल तर दहातला जेमतेम एक रेणू मोकळा असतो, ८ झाला की निम्मे, ९ला नऊ. चुन्याच्या एका बोटाने केवढा फरक पडतो! दक्षिण अमेरिकेतले लोकही कोकाची पानं चुन्याबरोबर चघळत आले आहेत. पीएच ही कल्पनाच १९०९ची, पण तिच्यावाचून कोणाचं काही अडलं नाही.

आता स्वीडनला जाऊ. १९६७ साली लुंड विद्यापीठातल्या क्लेस लुंडग्रेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने ओव्हे फर्न्यो या मित्राला पत्र लिहिलं. पाणबुडीत धूम्रपानाला बंदी असते, तेव्हा खलाशी बिनबोभाट तोंडात तंबाखू धरतात आणि त्यांचं भागतं, हे त्याने पाहिलं होतं. मग नुसतं निकोटिनच तोंडातून दिलं तर? फर्न्यो हेल्सिंगबोर्गच्या लिओ या औषध कंपनीत रसायनतज्ज्ञ होते आणि स्वतः पक्के सिगारेटबाज. त्यांनी ते मनावर घेतलं. साध्या गममधून चावताच सगळं निकोटिन भसकन बाहेर यायचं, म्हणून त्यांनी ते आयन-विनिमय करणाऱ्या राळेला बांधलं. लाळेतले आयन राळेला चिकटतात, तसतसं निकोटिन हळूहळू सुटतं. तरी ते गालातून पुरेसं शिरेना, तेव्हा गममध्ये अल्कधर्मी क्षार घातले. म्हणजे चुनाच लावला म्हणा ना! १९७८मध्ये युरोपात या गमला पहिल्यांदा परवानगी मिळाली, १९८४मध्ये अमेरिकेत. तंबाखूविरोधी लढ्याचा इतिहास लिहिताना १९५०मध्ये सिगारेटचा धोका दाखवणाऱ्या डॉल आणि हिल यांचं नाव सगळे घेतात आणि ते घ्यायलाच हवं. पण सिगारेट घातक आहे हे कळल्यावर पुढे काय करायचं, यावर डोकं चालवणाऱ्या फर्न्योंना कोणी फारसं ओळखत नाही.

तर वाचकाची चूक एवढीच, की ते गम नेहमीच्या च्युइंगगमसारखं चघळत आहेत. तसं केलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. तिथे ते जळजळ आणि उचकी देतं, आणि उरलेल्यातलं बरंचसं यकृत मोडून टाकतं. गम सावकाश चावायचं, जिभेला मिऱ्यासारखी चुणचुण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचं, चव ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. असं साधारण अर्धा तास. खर्रा गालफडात धरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, अडचण बिडीवाल्याचीच होते. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना काही खायचं-प्यायचं नाही. कॉफी-कोलासारखी आम्ल पेयं पीएच उतरवतात आणि मग उतरवलेला भार निकोटिनच्या डोक्यावर पुन्हा चढतो.

तलफ बिडीसारखी झटक्यात मात्र जाणार नाही. झुरक्यातलं निकोटिन फुप्फुसातून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, गमला त्यासाठी कितीतरी मिनिटं लागतात. हा संथपणा मुद्दाम ठेवलेला आहे, कारण व्यसन जडतं ते त्या झटक्यामुळे. खर्ऱ्यात निकोटिनबरोबर तंबाखूतली कर्करोगकारक नायट्रोसअमाइन्स येतात, आणि सुपारी तर तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे. तिनेच तोंड उघडेनासं होतं. बिडी सोडून खर्रा धरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

'सात दिवसांत व्यसनमुक्ती, शंभर टक्के खात्री' असल्या जाहिरातींकडे लक्ष देऊ नका. निकोटिन पर्यायांच्या शंभरावर चाचण्यांचा एकत्र हिशेब सांगतो, की यशाची शक्यता त्यांनी सुमारे दीडपट होते. जिथे औषधाविना शंभरातले दहा सुटतात, तिथे पंधरा-सोळा. आकडा जाहिरातीत शोभणारा नाही, पण खरा आहे. केंद्र सरकारने २०२२मध्ये हे पर्याय अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

बिडी सोडणाऱ्याने जपायची आणखी एक गोष्ट म्हणजे चहा. बिडीच्या धुरातल्या डांबरी रसायनांमुळे यकृतातलं एक विकर जोमाने काम करत असतं, आणि कॅफिन मोडणं हे त्याच विकराचं काम. बिडी थांबली की ते काही दिवसांत मंदावतं. मग चहाचे कप तेवढेच राहिले तरी रक्तातलं कॅफिन दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतं. धडधड, चिडचिड, रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि माणूस म्हणतो, बिडी सोडली ते बाधलं! त्या दिवसांत चहा निम्मा करून पाहावा. दम्यासाठी डेरिफायलिन घेणाऱ्यांनी तर बिडी सोडल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण त्या गोळीतलं थिओफिलिनही हेच विकर मोडतं आणि मात्रा कमी करावी लागू शकते. निकोटिनचं गम चालू असलं तरी हे होतंच. यकृताला जुंपलं होतं धुराने, निकोटिनचा त्यात हात नव्हता.