संशयाचा फायदा कोणाला?

औषध कंपनीची नोकरी पत्करणाऱ्या डॉक्टरकडे समाज काहीशा संशयाने पाहतो. रुग्णसेवेची शपथ घेतलेला माणूस अखेर धंद्याला मिळाला, अशी ती भावना असते. परंतु प्रयोगशाळेत गवसलेले औषध प्रथम कोणाला, किती मात्रेत द्यावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे ठरविणारा डॉक्टर कंपनीतही लागतोच. त्याची कसोटी कोणती?

आजच्या बांगलादेशात जन्मलेले डॉ. मोहम्मद अझीझ अमेरिकेतील मर्क कंपनीत याच कामावर होते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी सिएरा लिओनमध्ये काम करताना त्यांनी आफ्रिकेतील नदीकाठचे अंधत्व पाहिले होते. वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या काळ्या माशीच्या दंशातून कृमी शरीरात शिरतात. त्यांची असंख्य पिले त्वचेत व डोळ्यांत पसरतात. तेव्हाचे औषध ही पिले मारी. पण त्याची प्रतिक्रिया इतकी तीव्र असे, की उरलीसुरली दृष्टीही धोक्यात येई. गुरांच्या कृमींवर गुणकारी ठरलेले आयव्हरमेक्टिन माणसाला चालेल काय, हा प्रश्न होता.

१९८१ साली सेनेगलमधील डाकार येथे अझीझ यांनी ३२ रुग्णांवर पहिली चाचणी घेतली. आरंभी सौम्य लागणीचे रुग्ण निवडले आणि वजनाच्या दर किलोमागे अवघे ५ मायक्रोग्रॅम औषध दिले. पुढे रूढ झालेली मात्रा याच्या ३० पट आहे! औषध प्रौढ कृमीला मारीत नाही, म्हणून तज्ज्ञांनी शंका घेतल्या. त्यांना उत्तर मिळाले ते पुढील मोठ्या चाचण्यांतून. १९८७ साली औषधाला मान्यता मिळाली. रोगी निर्धन, म्हणून ते हवे तितके आणि हवी तितकी वर्षे मोफत देण्याचे कंपनीने जाहीर केले. गुरांच्या औषधातील नफ्यामुळे हे औदार्य परवडले, हेही नमूद केले पाहिजे. त्याच वर्षी अझीझ निवर्तले. आयव्हरमेक्टिनच्या शोधाला २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांचे नाव फारसे कोणी घेतले नाही.

याच कंपनीचे दुसरे प्रकरण उलट आहे. २००० साली व्हायॉक्स या वेदनाशामकाच्या एका मोठ्या चाचणीत, ते घेणाऱ्यांना हृदयविकाराचे झटके तुलनेच्या औषधापेक्षा अधिक आल्याचे दिसले. दोष आपल्या गोळीचा नसून दुसरे औषधच हृदयाचे रक्षण करीत असावे, असा अर्थ कंपनीने लावला. २००४ साली व्हायॉक्स बाजारातून मागे घ्यावे लागले.

कंपनी एकच, फरक पडला तो शंकेच्या क्षणी. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. औषधाच्या चाचणीत तो औषधाला नव्हे, रुग्णाला मिळाला पाहिजे. त्यासाठी डॉक्टरची सदसद्विवेकबुद्धी आवश्यक आहे. पण तेवढीच पुरेशी नाही. 'थांबा' म्हणण्याचा अधिकार त्याला आहे काय, आणि तो बजावल्यावर त्याची नोकरी शाबूत राहते काय, हा प्रश्न आपल्याकडील औषध उद्योगालाही विचारावयास हवा.