गाडीबद्दलचे समज-गैरसमज आणि मागच्या सीटवरची आपली मुलं



आमची शाळा पनवेलची. इथल्या मुलांना वाहनं पुस्तकातून शिकवावी लागत नाहीत. एकीकडे कळंबोलीच्या लोखंड बाजारातले ट्रेलर, दुसरीकडे पळस्पे फाट्यावरून निघणारा गोवा रस्ता आणि जवळच सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कोणी ना कोणी चालक आहेच.

चौथीच्या वर्गात वाहतुकीचे नियम घेताना मी विचारलं, "गाडीत बसल्यावर पहिलं काम कोणतं?" एक जण ओरडला, "सीटबेल्ट!" लगेच दुसरा म्हणाला, "पण बाई, मागे बसल्यावर नाही लागत. पप्पा सांगतात." मग काय, सगळा वर्ग सुरू झाला. "जुन्या गाड्यांचा पत्रा भारी होता." "घाट उतरताना न्यूट्रल करायचं, पेट्रोल वाचतं." "गाडी पांढरीच घ्यावी, छान दिसते."

मी सगळी वाक्यं फळ्यावर लिहिली आणि दोन रकाने केले: 'मत' आणि 'तपासून पाहता येईल असं विधान'. पांढरी गाडी छान दिसते हे मत झालं. त्यावर भांडण नको, ज्याची त्याची आवड. पण 'मागे पट्टा लागत नाही' हे मत नाही. ते खरं तरी असतं किंवा खोटं तरी. आणि खोटं असेल तर त्याची किंमत मोठी असते. त्या दिवशी तपासलेली पाच विधानं इथे देते.

समज १ : मागे बसणाऱ्याला पट्टा लागत नाही

४ सप्टेंबर २०२२ ची घटना आठवा. पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सूर्या नदीच्या पुलाजवळ एक महागडी गाडी कठड्यावर आदळली. गाडीत चौघे होते. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे गेले. त्यातले एक उद्योगपती सायरस मिस्त्री. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं.

गाडी थांबते तेव्हा आपलं शरीर थांबत नाही. ते गाडीच्याच वेगाने पुढे जात राहतं. याला जडत्व म्हणतात. पट्टा नसलेला मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो, म्हणजे पुढच्याचाही जीव धोक्यात घालतो. कायद्यानेही मागचा पट्टा बंधनकारक आहे. पट्टा न लावल्यास दंड १,००० रुपये.

समज २ : लहान मूल आईच्या मांडीवर सुरक्षित

हे लिहिताना मला अवघड वाटतंय, कारण मी स्वतः हेच करत होते. गेल्या दिवाळीत साताऱ्याला जाताना लेक माझ्या मांडीवर, पुढच्या सीटवर होती. समोर अचानक कुत्रं आलं, यांनी ब्रेक दाबला आणि माझे दोन्ही हात तिच्याभोवती असूनही तिचं कपाळ डॅशबोर्डला लागलं. वेग फार नव्हता. टेंगळावर निभावलं.

घरी आल्यावर मी गणित मांडलं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. हा वेग सेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावर आला, तर १२ किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १७० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. सांगा, कोणती आई ते पेलेल? प्रेम कमी पडत नाही हो, हात कमी पडतात.

शिवाय पुढची एअरबॅग पापणी लवण्याच्या आत फुगते. मांडीवरच्या बाळाला तिचाच मार बसतो. म्हणून मूल मागच्या सीटवर आणि लहान असेल तर बालआसनात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालील मुलांसाठी ही सोय नसेल तर वेगळा दंड आहे.

समज ३ : जाड पत्र्याची, न चेपणारी गाडी सुरक्षित

शोरूममध्ये बोनेटवर टिचकी मारून पत्रा तपासणारे काका आपण सगळ्यांनी पाहिलेत. आता क्रिकेट आठवा. जोरात आलेला झेल पकडताना खेळाडू हात मागे घेतो. चेंडू थांबायला थोडा जास्त वेळ मिळाला की हाताला मार कमी बसतो. गाडीचा पुढचा भाग हेच काम करतो. तो चुरगळतो आणि धक्का पोटात घेतो. माणसं बसतात तो मधला सांगाडा मात्र मजबूत लागतो. हे टिचकीने कळत नाही, धडक चाचणीत कळतं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही चाचणी आहे. गाडी घेताना रंगाआधी तिचे तारे विचारा.

समज ४ : उतारावर न्यूट्रल केलं की इंधन वाचतं

इंजेक्शन पद्धतीच्या आजच्या गाड्यांत उलटंच आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंधन जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र इंधन लागतंच. वर इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर कमी पडतात. बोरघाटासारख्या उतारावर हे जिवावर बेततं. ट्रक चालवणाऱ्या एका पालकांनी वर्गात येऊन मुलांना एका ओळीत सांगितलं, "ज्या गिअरात घाट चढलात, त्याच गिअरात उतरा." माझ्या अर्ध्या तासाच्या तासापेक्षा ते भारी होतं!

समज ५ : उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी

द्रुतगती मार्ग काँक्रीटचा, तिथे टायर फुटतात, म्हणून हवा कमी, असा हिशेब लावला जातो. पण हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो आणि म्हणूनच जास्त तापतो. वर झिजलेला टायर, जास्त माणसं आणि बेफाम वेग असेल तर फुटायला कारण पुरेसं आहे. किती हवा हवी ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. टायर थंड असताना तेवढीच भरा.

वर्गात करून पाहा

पुस्तकांचा उतार करा. खेळण्यातल्या गाडीवर चिकणमातीची बाहुली बसवा आणि खाली एक जाड पुस्तक आडवं ठेवा. गाडी सोडली की बाहुली उडून पडते. मग तीच बाहुली रिबिनीने बांधा आणि पुन्हा सोडा. जडत्व शब्द न वापरताही मुलांना समजतं.

गृहपाठ एकच दिला होता: घरच्या किंवा ओळखीच्या गाडीत मागच्या पट्ट्याचं बक्कल शोधून या. बहुतेकांना ते सीटकव्हरखाली गाडलेलं सापडलं! सोमवारी तोच मुलगा म्हणाला, "बाई, पप्पांनी कव्हर कापून बक्कल बाहेर काढलं."

पालकहो, तुमच्याही गाडीत आज एकदा हात घालून बघा. आणि शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणते समज निघाले ते जरूर कळवा.