मुघल राज्य चालले कशावर, आटले कुठे?

बाबराने तोफा आणल्या, अकबराने राज्य वाढवले, औरंगजेबाने ते दक्षिणेत घालवले आणि उरलेसुरले इंग्रजांनी घेतले. मुघलांचा इतिहास आपल्या डोक्यात साधारण एवढाच असतो. यात धादांत खोटे असे काही नाही. मात्र या चार ओळींच्या आडोशाने काही समज असे घट्ट बसले आहेत की ते एकेक करून उकलावेच लागतात.

“तोफांच्या जोरावर हिंदुस्थान जिंकला”

२१ एप्रिल १५२६ रोजी पानिपतावर बाबराकडे तोफा होत्या, इब्राहिम लोदीकडे नव्हत्या, हे खरे. कातडी दोरांनी गाडे एकमेकांना बांधून त्यांच्या आडून मारा करण्याची युक्ती उस्मानी तुर्कांची. याच पद्धतीने त्यांनी १५१४ मध्ये चाल्दिरानला इराणच्या शाह इस्माईलला हरवले होते. तरी पानिपतावर लोदीची फौज कोंडली ती दोन्ही बगलांनी वळसा घालून आलेल्या घोडेस्वार तिरंदाजांनी. १५५६ च्या दुसऱ्या पानिपतातही हेमूच्या डोळ्यात बाण लागला आणि लढाईचा निकाल लागला. बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड १६०१ मध्ये अकबराच्या हाती आला, तोही भिंतींना भगदाड पडून नव्हे. गडाने लांबलेल्या वेढ्यानंतर शरणागती पत्करली.

राज्य खरे वाढले ते हरलेल्यांना आणि हरू शकणाऱ्यांना चाकरीत घेतल्याने. आमेरच्या भारमलने १५६२ मध्ये अकबराशी सोयरीक केली. त्याच घराण्यातला मानसिंह पुढे काबूल आणि बंगालचा सुभेदार झाला.

“सगळी जमीन बादशहाची”

हा समज युरोपात फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्याच्या लिखाणातून पसरला आणि थेट मार्क्सपर्यंत पोचला. बादशहाचा हक्क होता महसुलावर. जमीनदारांचे हक्क वंशपरंपरेने चालत, विकले-घेतले जात. आपल्याकडचे देशमुख आणि पाटील आपापली वतने धरून होते आणि त्यांना हात लावणे बादशहालाही सोपे नव्हते.

“मनसबदार म्हणजे आपल्या मुलखाचा राजा”

सगळ्यात मोठी गफलत इथे होते. मनसब म्हणजे मुलूख नव्हे, दर्जा. त्याचे दोन आकडे असत. ‘जात’ या आकड्यावर दरबारातली जागा आणि स्वतःचा पगार ठरे. ‘सवार’ हा आकडा किती घोडेस्वार बाळगायचे ते सांगे. पुरंदरच्या तहानंतर आठ वर्षांच्या संभाजीराजांना पंचहजारी मनसब मिळाली, ती याच हिशेबात. आणि १२ मे १६६६ ला आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराज का भडकले, तेही या आकड्यांच्या भाषेत चटकन कळते. तिथे कोण कुठे उभा राहतो यावरच त्याची किंमत ठरत होती.

पगार कधी रोख मिळे, बहुतेकदा जागिरीच्या रूपाने. जागीर म्हणजे ठरावीक गावांचा महसूल गोळा करण्याचा हक्क. तो तीन-चार वर्षांत बदलून दुसरीकडे जाई आणि मुलाला आपसूक मिळत नसे. राजपूत राजांची वतन-जागीर हा यातला अपवाद. बदलीच्या नोकरीवरचा साहेब भाड्याच्या घराला जितका जीव लावेल, तितकाच हा जागीरदार गावाला लावी. सरदाराने कुठे मूळ धरू नये, ही यातली बादशाही सोय होती. भुर्दंड रयतेला पडे.

सरदार खोटे घोडे दाखवून पैसे लाटू नयेत, म्हणून घोड्यांना डाग दिला जाई आणि प्रत्येक स्वाराचा ‘चेहरा’ लिहिला जाई: बापाचे नाव, रंग, तीळ, जखमेचा वण. दख्खनच्या सुभ्यातले असे कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आजही ढिगाने आहेत. मुघलांची खरी ताकद मला तोफखान्यापेक्षा या दप्तरात दिसते.

“औरंगजेबाच्या काळात हिंदू सरदार उरले नाहीत”

त्याने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लादला, देवळे पाडली; यात वाद नाही. पण इतिहासकार अथर अली यांनी हजारी आणि त्यावरच्या मनसबदारांची गणती केली, तिचे उत्तर उलटे येते. राजवटीच्या पहिल्या वीस वर्षांत हिंदूंचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते, १६७९ नंतर ते ३२ टक्क्यांच्या आसपास गेले. मराठे मनसबदार २७ वरून ९६ वर पोचले. हे औदार्य नव्हे. दक्षिण लढून हाती येत नव्हती, म्हणून फोडाफोडी चालू होती.

फोडलेल्या प्रत्येकाला जागीर हवी. विजापूर १६८६ मध्ये पडले, गोवळकोंडा १६८७ मध्ये; पण नव्या मुलखातला मोठा हिस्सा मोहिमेच्या खर्चासाठी खालशात, म्हणजे थेट बादशाही खजिन्याकडे, राहिला. उरलेल्या जागिरींचा आकार कागदावरच. कागदावरच्या रकमेच्या निम्मा वसूल आला, तर ती जागीर ‘सहामाही’ धरली जाई, म्हणजे बारा महिन्यांच्या चाकरीला सहा महिन्यांचे पोट. दक्षिणेत तर त्याहूनही कमी पदरात पडे, कारण त्याच गावातून मराठेही चौथाई नेत. मग सरदार स्वार कमी ठेवी, स्वार कमी म्हणून वसूल आणखी घटे. जागिरी खरोखर कमी पडल्या की वाटप बिघडले, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. जे. एफ. रिचर्ड्स दुसऱ्या बाजूचे, आणि गोवळकोंड्यापुरते मला त्यांचे पटते.

“१७०७ ला सगळे संपले”

३ मार्च १७०७ ला औरंगजेब अहमदनगरजवळ वारला, पण राज्य त्या दिवशी कोसळले नाही. सुभेदारांनी सुभे गिळले: बंगालमध्ये मुर्शिद कुली खान, अवधमध्ये सआदत खान, दक्षिणेत १७२४ ला साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजाम. बदल्या थांबल्या आणि ज्याचा सुभा त्याचे घराणे झाले. १७३९ मध्ये नादिरशहा आला तेव्हा दिल्लीच्या खजिन्यात लुटण्याजोगे भरपूर होते, मदतीला फौज धाडणारे सुभे मात्र फारसे नव्हते.

सत्ता गेली तरी बादशहाच्या नावाला बाजारभाव राहिला. बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी दिल्लीहून सनद करूनच आणली. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकी, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीचे पद, मिळवली. कंपनी सरकारने बंगालची दिवाणी १७६५ ला शाह आलमच्याच फर्मानाने घेतली, आणि तो १८०६ मध्ये वारल्यावरही कंपनीचे रुपये १८३५ पर्यंत त्याच्याच नावाने पाडले जात होते.