पतंजलींचा शेतकरी

योगसूत्रं म्हटलं की डोळ्यांपुढे आसनं येतात, फार तर डोळे मिटून बसलेला एखादा साधक. शेतकरी काही येत नाही. पण चौथ्या पादाच्या तिसऱ्याच सूत्रात तो उभा आहे. पतंजलींनी त्याला एका शब्दात आटोपलंय. व्यासभाष्य मात्र त्याच्या मागोमाग थेट बांधावर जातं. एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात न्यायचं, तर हा गडी ते ओंजळीने उचलून नेत नाही. मधला बांध फोडतो, पाणी आपलं आपण उताराला लागतं. भाष्यकार एवढ्यावर थांबत नाहीत. भाताच्या मुळांत रस ओतणंही शेतकऱ्याच्या हातात नाही, असं ते सांगतात. तो आजूबाजूचा मूग, सावा उपटून टाकतो आणि मग रस मुळांत आपसूक शिरतो. मुगाला तणांच्या पंगतीत बसवलेलं पाहून गंमत वाटते, पण भाताच्या खाचरात नको तिथे उगवलेला मूग तणच की!

आपल्याकडे कांद्याला किंवा गव्हाला पाटाचं पाणी देताना दारं धरणारा माणूस ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे भाष्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वीज रात्रीची असेल तर तो रात्रीच बॅटरी आणि फावडं घेऊन निघतो. वाफा भरत आला की त्याला जराही रेंगाळून चालत नाही. पुढचं दार उघडायला आणि मागचं चिखलाने बंद करायला उशीर झाला, तर पाणी बांध फोडून भलतीकडेच धावतं. ही घाई खरी घाई असते. पण तोच माणूस सकाळी कांदा उपटून गड्डा किती पोसला ते बघत बसत नाही. पोसायला लागायचे तेवढे दिवस लागणारच, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

प्रयत्न आणि फळ यांविषयी आपल्या परंपरेचं म्हणणं मला या शेतकऱ्यात सगळ्यात नीट दिसतं. हाताला उशीर चालत नाही आणि फळाला घाई चालत नाही. व्यवहारात आपण नेमकं उलटं करतो. काम उद्यावर ढकलतो आणि निकाल मात्र आजच हवा असतो.

पतंजलींनी या दोन्ही गोष्टी पहिल्या पादातच सांगून ठेवल्या आहेत. अभ्यास पक्का कधी होतो? दीर्घकाळ, खंड न पाडता आणि मनापासून आदराने केला, तर. हे झालं चौदावं सूत्र. पुढे एकविसाव्यात ते म्हणतात की ज्यांची तळमळ तीव्र, त्यांना समाधी जवळ आहे. दीर्घकाळही हवा आणि तीव्र तळमळही हवी. वरवर पाहता ही ओढाताण वाटते. वेदान्ताच्या साधनचतुष्टयातही तसंच आहे. मोक्षाची आच म्हणजे मुमुक्षुत्व आणि सोसण्याची ताकद म्हणजे तितिक्षा, या दोन्ही गोष्टी तिथे एकाच माणसाकडून मागितल्या आहेत.

गीतेतल्या कर्मफळाच्या प्रसिद्ध श्लोकाचा निम्माच भाग लोकांच्या तोंडी असतो. टिळकांनी त्या श्लोकाच्या चार चरणांना कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटलं, आणि त्यातला चौथा चरण आळशांना अडचणीचा आहे. फळ हातात नाही म्हणून काम सोडण्याचीही आसक्ती नको, असा त्याचा आशय. अठराव्या अध्यायात त्याचा हिशेबही आहे. कोणतंही काम घडायला अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना खटपटी आणि दैव अशी पाच कारणं लागतात. दैवाचा नंबर पाचवा. ते आहे, पण पाचांतलं एक. ‘नशिबात असेल तर होईल’ असं म्हणत बसणाऱ्याने उरलेल्या चारांचं काय केलं, असं विचारायला हवं.

खुद्द टिळकांचं उदाहरण घ्या. १८७२ साली वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांना गीतेवरची प्राकृत टीका वाचून दाखवताना सोळा वर्षांच्या बाळ गंगाधरांचा या ग्रंथाशी पहिला परिचय झाला. ‘गीतारहस्य’ छापून आलं १९१५ मध्ये. मधली बरीच वर्षं विषय मनात घोळत होता. पण मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहायला बसले, तेव्हा अवघ्या काही महिन्यांत शिसपेन्सिलीने एवढा मोठा ग्रंथ उतरवून काढला. १९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली तरी हस्तलिखित सरकारच्या ताब्यातच होतं, ते पुढे परत मिळालं. ते मिळेल की नाही, हे लिहिताना त्यांच्या हातात नव्हतं.

निराश न होण्याचं बळ कुठून आणायचं? गौडपादांनी मांडूक्यकारिकेत एक अशक्य चित्र दिलंय. दर्भाच्या टोकाने एकेक थेंब उचलून समुद्र उपसायचा, आणि मनाचा निग्रह न कंटाळता करायचा तो असा. मधुसूदन सरस्वतींनी गीतेच्या सहाव्या अध्यायावर लिहिताना त्याला टिटवीची गोष्ट जोडली. समुद्राने अंडी नेली म्हणून टिटवी चोचीने समुद्र आटवायला निघते, इतर पक्षी समजूत घालतात, ती ऐकत नाही. शेवटी गरुड मदतीला येतो आणि घाबरलेला समुद्र अंडी परत करतो. समुद्र चोचीने आटला, असं गोष्ट कुठेही म्हणत नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

पण गरुड आलाच नाही तर? अर्जुनाने हाच प्रश्न त्याच अध्यायात विचारलाय. श्रद्धा आहे पण मधेच घसरला, असा माणूस फुटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून जातो का? कृष्णाचं उत्तर असं की केलेलं वाया जात नाही, पुढच्या जन्मी तो तिथूनच पुढे चालू लागतो. पुनर्जन्म न मानणाऱ्याला हे उत्तर पुरायचं नाही, हे उघड आहे. त्याच्यासाठी रामायणातली गंगावतरणाची कथा जास्त उपयोगाची, कारण तिथे जन्म बदलत नाही, पिढी बदलते.

सगराच्या पुत्रांची राख पाताळात पडलेली. नातू अंशुमान राज्य मुलावर सोपवून हिमालयात तप करतो आणि गंगेविना जातो. त्याचा मुलगा दिलीप गंगा कशी आणावी या काळजीत झुरतो, यज्ञ करतो, उपाय सापडत नाही, आजारात मरतो. मग भगीरथ. त्याला ब्रह्मदेव वर देतो खरा, पण लगेच अडचणही सांगतो: गंगेचा वेग पृथ्वी झेलणार नाही, शंकराला राजी कर. म्हणून पायाच्या अंगठ्यावर वर्षभर उभं राहायचं. शंकर राजी झाला, तर गंगा त्याच्याच जटांत अडकली. पुन्हा तप. ती सुटली, भगीरथाच्या रथामागून निघाली, तर वाटेत जह्नूच्या यज्ञमंडपात शिरली. जह्नू चिडला आणि सगळी गंगा पिऊन बसला.