मळवलीची शिळा : मावळातील छापील चित्रांच्या धंद्याचा मागोवा

मुंबई-पुणे लोहमार्गावर लोणावळ्याच्या पुढचे स्थानक मळवली. कार्ले-भाज्याच्या लेण्यांकडे जाणारे प्रवासी इथे उतरतात. याच परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईहून आला आणि १९७२ पर्यंत टिकला. त्याच्या चित्रांच्या तळाशी ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ अशी बारीक इंग्रजी ओळ असे. ज्या कामाला पुढे कमर्शियल आर्ट, उपयोजित कला आणि आता डिझाइन अशी नावे मिळाली, त्या कामावर पोट भरणाऱ्यांची एक आरंभीची पिढी या ओळीमागे आहे.

छापील देवादिकांची चित्रे रविवर्म्यांच्या आधीही महाराष्ट्रात घरोघरी पोचू लागली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला. रामपंचायतन, नाना फडणीस अशी त्याची रंगीत शिळाछाप चित्रे लोकांनी भिंतीवर लावली. रविवर्म्यांची वाट वेगळी होती. १८४८ मध्ये किळिमानूर येथे जन्मलेल्या या चित्रकाराचे तैलरंगातील काम संस्थानिकांनी आणि धनिकांनी विकत घेतले होते. मागणी इतकी वाढली की एका कुंचल्याने ती पुरी होणे शक्य नव्हते. चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात, असे बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८४ मध्ये सुचवले. दहा वर्षांनी, १८९४ मध्ये, रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांनी प्रती बाहेरून छापून आणण्याऐवजी मुंबईतच छापखाना उभारला. भांडवलासाठी गोवर्धनदास खटाव मखनजी हे भागीदार मिळाले. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. ‘शकुंतलेचा जन्म’ हे पहिले चित्र छापून निघाले. कमळावर उभी लक्ष्मी आणि वीणाधारी सरस्वती यांच्या प्रती तर पुढे देवघरातच जाऊन बसल्या.

शिळाछापाचे तत्त्व साधे आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावर ते उभे आहे. बव्हेरियातील सोल्नहोफेनचा बारीक कणांचा चुनखडी दगड घासून गुळगुळीत करायचा, त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे आणि दगड ओला करायचा. कोरा भाग पाणी धरून ठेवतो, तेलकट रेघ पाणी झटकते. मग तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला लागते. त्यावर कागद ठेवून दाब दिला की छाप उमटतो. चित्र कागदावर उलटे येत असल्याने दगडावर ते आधीच उलटे काढावे लागे.

साधे तत्त्व रंगीत चित्राला लावताना मात्र कसब पणाला लागे. प्रत्येक रंगाची शिळा वेगळी. मूळ तैलचित्र पुढे ठेवून कारागिराने आधी त्याच्या बाह्यरेषा नोंदवायच्या आणि त्या प्रत्येक शिळेवर उतरवायच्या. मग लक्ष्मीच्या गालावरच्या एका छटेत पिवळा किती, गुलाबी किती, करडा किती, हे डोळ्याने ओळखून ज्या त्या शिळेवर तेवढेच ठिपके द्यायचे. ठिपके दाट झाले की छटा गडद, विरळ झाले की फिकी. एका चित्राला दहा-बारा आणि कधी त्याहून अधिक शिळा लागत, म्हणजे एकच कागद तितक्या वेळा यंत्राखालून जाई. कडेच्या जुळणीखुणा केसभर हलल्या तर ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरे. दमट हवेत कागद फुगतो, त्यामुळे लोणावळ्याच्या पावसाळ्यात ही जुळणी राखणे सोपे नव्हते. सगळे रंग चढल्यावर कागदावर वॉर्निश देत आणि कॅनव्हासचा पोत दाबून उठवत, म्हणजे छापील कागदाला तैलचित्राची झाक येई. याच प्रकाराला ओलिओग्राफ म्हणत. घरी आणल्यावर त्यावर जर, टिकल्या आणि कापड चिकटवून देवीला शालू नेसवण्याची हौसही लोकांनी पुरवली.

चित्र कुणाचे, या प्रश्नाचे उत्तर इथे अवघड होते. कल्पना आणि मूळ चित्र रविवर्म्यांचे; पण शिळेवर ते पुन्हा रचणारा हात दुसऱ्याचा, रंग चढवणारा तिसऱ्याचा, यंत्र चालवणारा चौथ्याचा. छापावर नाव मात्र एकच. शिळेवर ठिपके देणाऱ्या बहुतेकांची नावे चित्रांवर आली नाहीत. दरबारी चित्रकाराला आश्रयदाता असे. या कारागिरांना पगार होता आणि गिऱ्हाईक कुठे तरी दूर, अनोळखी होते.

धंदा म्हणून छापखान्याने मालकांना सुख दिले नाही. १८९६ पासून मुंबईत प्लेगची साथ पसरली. भागीदारीत कुरबुरी होत्या, खर्च वाढत होता आणि परदेशातून येणाऱ्या स्वस्त छापांशी स्पर्धा होती. १८९९ च्या सुमारास छापखाना मळवलीला हलवला गेला. मुंबईपासून दूर, तरीही रेल्वेच्या मार्गावर अशी ही जागा होती. इथेही कर्ज फिटेना. विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्यांनी छापखाना आणि ८९ चित्रांच्या छपाईचे हक्क आपल्याकडचे जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकून टाकले. १९०५ मध्ये राजराज वर्मा आणि १९०६ मध्ये रविवर्मा वारले.

श्लायशर यांनी चित्रकाराचा छापखाना गिऱ्हाइकाच्या गरजेवर चालवला. देवतांची चित्रे चालू राहिलीच. जोडीला जाहिरातींची कॅलेंडरे आणि मालावरची लेबले आली. रविवर्म्यांच्या चित्रांखेरीज इतर चित्रकारांची कामेही घेतली गेली. त्यांत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर होते. कोल्हापुरात जन्मलेल्या धुरंधरांनी अध्यापनाबरोबर पुस्तके, पोस्टकार्डे, पोस्टर आणि छापील चित्रे यांसाठी विपुल काम केले. कलाशाळेतील नोकरी आणि बाहेरची व्यावसायिक कामे एकाच वेळी सांभाळणाऱ्या मराठी कलावंताचा नमुना त्यांच्यात दिसतो.

मळवलीच्या आसपास घडलेले दुसरे आयुष्य धुंडिराज गोविंद फाळके यांचे. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले फाळके जे. जे. स्कूल आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिकले. पुढे पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व ड्राफ्ट्समनची नोकरी करून त्यांनी १९०६ मध्ये ती सोडली आणि लोणावळ्यात ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ काढले. रविवर्मा प्रेससाठी छायाचित्रावरून शिळेवर प्रतिमा उतरवण्याचे, म्हणजे फोटो-लिथोचे काम तिथे होई. कारागिराने हाताने ठिपके देण्याची जागा हळूहळू कॅमेरा घेत होता. पुढे हाफटोन ब्लॉक आणि तिरंगी छपाईही सुरू झाली. धंदा वाढल्यावर छापखाना दादरला गेला आणि पुरुषोत्तम मावजी भागीदार झाल्यावर त्याचे नाव ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाले. १९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीला गेले. परतल्यावर भागीदाराशी बिनसले आणि ते धंद्यातून बाहेर पडले. मग ते चित्रपटाकडे वळले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आला. पौराणिक कथा, प्रकाशाचे गणित आणि एका मूळ प्रतीवरून असंख्य प्रती काढण्याची रीत, ही सामग्री फाळक्यांच्या हाताला छपाईच्या कामातूनच सरावाची झाली होती.

या व्यवसायाला शिक्षणसंस्थेत जागा मिळायला मात्र वेळ लागला. जे. जे. स्कूलमध्ये कमर्शियल आर्टचा स्वतंत्र विभाग १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याचीच सर जे. जे. उपयोजित कला संस्था झाली. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्थाही १९६१ चीच, तर मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ चे. दरम्यान दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर आणि एस. एम. पंडित यांनी मुखपृष्ठे आणि कॅलेंडरे गाजवली. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. मळवलीच्या कारागिरांना न मिळालेली गोष्ट या पिढीला मिळाली : छापील चित्राच्या कोपऱ्यात स्वतःची सही.

शिळाछाप तोवर मागे पडत चालला होता. ऑफसेटमध्ये जड दगडाऐवजी धातूची पातळ प्लेट आली, रंग कॅमेऱ्याने वेगळे होऊ लागले आणि कॅलेंडरांची घाऊक छपाई शिवकाशीकडे गेली. १९७२ च्या आगीत मळवलीचा छापखाना जळाला आणि सुमारे पाऊणशतकाचा हा व्यवसाय संपला. त्याची चित्रे आता संग्रहालयांत, जुन्या वाड्यांच्या भिंतींवर आणि संग्राहकांकडे आढळतात.

मावळात वस्तूंना आकार देण्याचे काम त्यानंतरही चालू राहिले, फक्त ते पूर्वेला सरकले. तळेगाव दाभाड्यात लोकांच्या पैसा पैसा वर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्येच निघाला होता. आज तळेगावची औद्योगिक वसाहत नवलाख उंबऱ्याच्या शिवारापर्यंत पोचली आहे. तिथल्या कारखान्यांत सुट्या भागाचे आरेखन संगणकावर होते, साचा बनतो आणि एकसारखे नग बाहेर पडतात. नगावर छाप उठतो तो कंपनीचा. आरेखन करणाऱ्याचे नाव मळवलीच्या कारागिराप्रमाणेच त्यावर नसते.